ओपेनहायमरला वर्गात गप्प बसवणारी मारिया, जिच्या गणितावर आज जिवंत मेंदूचे फोटो निघतात

ओपेनहायमर पिक्चर आला तेव्हा गॉटिंगेन या जर्मन गावाचं नाव सगळीकडे फिरत होतं. ओपेनहायमर तिथेच मॅक्स बॉर्न या प्रोफेसरांकडे पीएचडी करत होता. पोरगा प्रचंड हुशार, पण एक खोड वाईट. सेमिनारमध्ये कोणीही बोलत असो, अगदी स्वतः बॉर्न बोलत असले तरी हा मध्येच तोडायचा, फळ्यापाशी जाऊन खडू हातात घ्यायचा आणि हे असं नाही, असं करायला पाहिजे म्हणून सुरू व्हायचा.

शेवटी वर्गातली पोरं वैतागली. एक दिवस बॉर्न यांच्या हातात अर्ज पडला. या माणसाला आवरा, नाहीतर आम्ही सेमिनारवर बहिष्कार टाकतो, असा त्याचा मजकूर. खाली सह्या. बॉर्न स्वभावाने भिडस्त. त्यांना तोंडावर बोलणं जमेना. म्हणून त्यांनी तो अर्ज ओपेनहायमरला दिसेल असा टेबलावर ठेवला आणि काहीतरी निमित्ताने खोलीबाहेर गेले. परत आले तेव्हा गड्याचा चेहरा उतरला होता. त्यानंतर सेमिनारमधली त्याची बडबड कमी झाली.

तो अर्ज घेऊन आलेली मुलगी होती मारिया गोपर्ट. वय फक्त २० वर्षं.

ओपेनहायमर पुढे अणुबॉम्बवाला म्हणून जगाला माहीत झाला. मारियाला नोबेल मिळालं, तरी तिचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. आज न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये जिवंत उंदराच्या मेंदूतल्या पेशी चमकताना दिसतात, त्यासाठी खास नॅनोपार्टिकल बनवले जातात, त्या सगळ्याच्या मुळाशी तिने वयाच्या चोविशीत केलेलं एक गणित आहे. आणि गंमत म्हणजे नोबेल तिला त्या गणितासाठी मिळालंच नाही. ते दुसऱ्याच कामासाठी मिळालं.

सातव्या पिढीची प्रोफेसर

मारियाचा जन्म २८ जून १९०६ चा. गाव काटोविट्झ, जे तेव्हा प्रशियात होतं आणि आज पोलंडमध्ये आहे. एकुलती एक मुलगी. वडील फ्रीडरिश गोपर्ट मुलांचे डॉक्टर आणि घराण्यातले सहाव्या पिढीचे प्रोफेसर. १९१० मध्ये त्यांना गॉटिंगेन विद्यापीठात बालरोगाची प्रोफेसरकी मिळाली आणि कुटुंब तिकडे आलं.

वडिलांनी पोरीला लहानपणीच सांगून ठेवलं होतं की मोठी होऊन नुसती घर सांभाळणारी बाई होऊ नकोस. तो काळ बघता हे बोलणं साधं नव्हतं. मुलींना विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला तयार करणारी गावात एकच शाळा होती, ती पण खाजगी, बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांनी चालवलेली. मारियाचा अभ्यास पूर्ण व्हायच्या आधीच ती शाळा पैशाअभावी बंद पडली. मग तिने एक वर्ष आधीच, १७ व्या वर्षी परीक्षा दिली आणि पास झाली.

१९२४ मध्ये ती गॉटिंगेन विद्यापीठात गणित शिकायला गेली. पण हे गाव म्हणजे त्या वेळी फिजिक्सची पंढरी होती. क्वांटम मेकॅनिक्स तिथे अक्षरशः जन्माला येत होतं. बॉर्न यांच्या सेमिनारला ती बसायला लागली आणि गणित सोडून फिजिक्सकडे वळली.

हे बॉर्न आपल्यालाही परके नाहीत. पुढे हिटलर आल्यावर ज्यू म्हणून त्यांची गॉटिंगेनची नोकरी गेली, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगळुरूला बोलावलं होतं. १९३५-३६ मध्ये बॉर्न काही महिने आपल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होते.

१९२७ मध्ये मारियाचे वडील गेले. घर चालवायला आईने खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यातल्या एका खोलीत राहायला आला जोसेफ मेयर नावाचा अमेरिकन केमिस्ट. उंच, बोलका, हसरा. जानेवारी १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं. त्याच वर्षी मारियाची डॉक्टरेट झाली. परीक्षक होते तिघे, बॉर्न, जेम्स फ्रांक आणि आडोल्फ विंडाऊस. तिघांकडेही आज ना उद्या नोबेल आलंच. फ्रांक आणि विंडाऊस यांना तोवर मिळालेलं होतं, बॉर्न यांना १९५४ मध्ये मिळालं.

दहीहंडी आणि दोन फोटॉन

आता तिच्या प्रबंधात होतं काय, ते जरा नीट बघू. कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

प्रकाश म्हणजे फोटॉन नावाच्या ऊर्जेच्या पुड्या. निळ्या प्रकाशाच्या पुडीत ऊर्जा जास्त, लाल आणि इन्फ्रारेडच्या पुडीत कमी. अणूतल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उडी मारायची असेल तर नेमकी तेवढी ऊर्जा लागते. तेवढ्या ऊर्जेचा एक फोटॉन आला की उडी. कमी ऊर्जेचा आला तर काही होत नाही. सगळ्यांची समजूत अशीच होती.

मारियाने कागदावर दाखवलं की कमी ऊर्जेचे दोन फोटॉन एकाच क्षणी आले तर दोघांची ऊर्जा मिळून ती उडी होऊ शकते.

दहीहंडी डोळ्यासमोर आणा. एका माणसाचा हात हंडीला लागत नाही. दुसरा त्याच्या खांद्यावर चढला तर लागतो. फक्त इथे अडचण अशी की खालच्या गड्याला उभं राहायला जमीनच नाही. तो एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी वेळ हवेत असतो. तेवढ्यात दुसरा आला पाहिजे, नाहीतर खेळ खल्लास.

रामन इफेक्टमध्ये पण दोन फोटॉनचा हिशोब असतो, एक आत येतो आणि वेगळ्या ऊर्जेचा दुसरा बाहेर जातो. पॉल डिरॅकने अशा घटनांचं गणित मांडलं होतं. मारियाने तीच रीत पुढे नेली आणि दोन्ही फोटॉन एकदम गिळले किंवा एकदम सोडले तर काय, हे सोडवलं. हा शोधनिबंध १९३१ मध्ये जर्मन नियतकालिकात छापून आला.

छापून आला आणि ३० वर्षं तसाच पडून राहिला. कारण हे व्हायची शक्यता भयंकर कमी. चमकणाऱ्या रंगाचा एक चांगला रेणू भर उन्हात ठेवला तर साधारण दर सेकंदाला एक फोटॉन गिळतो. त्याच उन्हात दोन फोटॉन एकदम गिळायचा योग येतो साधारण १ कोटी वर्षांत एकदा. मारियाच्या काळात असा प्रकाश बनवायचं यंत्रच जगात नव्हतं, जो या गणिताला प्रयोगात उतरवेल.

लष्कराच्या भाकऱ्या

लग्नानंतर जोडपं अमेरिकेत बाल्टिमोरला आलं. जोला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नोकरी लागली. मारियाचं काय? नवरा जिथे शिकवतो तिथे बायकोला नोकरी द्यायची नाही, असा तेव्हा बहुतेक अमेरिकन विद्यापीठांचा नियम. घराणेशाही रोखायला केलेला हा नियम प्रत्यक्षात बायकांचीच वाट अडवत होता. वर मंदीचा काळ.

तिला काम मिळालं ते फिजिक्स विभागाची जर्मन पत्रं लिहून द्यायचं. पैसे नाममात्र. बसायला माळ्यावरची खोली. गॉटिंगेनमधून क्वांटम मेकॅनिक्स थेट शिकून आलेली बाई, जिच्या विषयातली जाणकार माणसं तेव्हा अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती, ती पत्रांचा पत्रव्यवहार बघत होती.

पण तिने काम थांबवलं नाही. विद्यार्थ्यांना शिकवलं, कार्ल हर्झफेल्ड यांच्यासोबत संशोधन केलं. १९३५ मध्ये तिने डबल बीटा डिके नावाच्या दुर्मिळ किरणोत्सारी घटनेचं गणित मांडलं, ज्यावर आजही जमिनीखालच्या मोठमोठ्या प्रयोगशाळा काम करतात. १९३३ मध्ये मुलगी झाली, १९३८ मध्ये मुलगा.

पुढे जोला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नोकरी लागली. तिथे मारियाला ऑफिसची खोली मिळाली. पगार नाही. १९४० मध्ये नवरा-बायकोचं स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सवरचं पुस्तक आलं, जे पुढे कित्येक वर्षं विद्यार्थ्यांच्या हातात होतं. याच काळात एन्रिको फर्मी कोलंबियात होते. त्यांनी तिला एक काम सुचवलं, युरेनियमच्या पुढच्या मूलद्रव्यांमध्ये इलेक्ट्रॉन कसे बसतील ते बघ. तिने हिशोब करून दाखवलं की दुर्मिळ मृदा धातूंसारखीच आणखी एक नवी रांग तिथे तयार होईल. हेही बिनपगारी. आपल्याकडे याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात.

डिसेंबर १९४१ मध्ये, म्हणजे डॉक्टरेटनंतर ११ वर्षांनी, तिला सारा लॉरेन्स कॉलेजमध्ये शिकवायची पहिली खरी पगाराची नोकरी मिळाली. ती पण अर्धवेळ. त्यानंतर महायुद्धात तिला कोलंबियातल्याच अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पात घेतलं. युरेनियमचे दोन प्रकार प्रकाशाच्या मदतीने वेगळे करता येतील का, हे तिला बघायचं होतं. तो मार्ग तेव्हा चालला नाही. बॉम्बच्या पापात आपला थेट हात लागला नाही, याचं तिला नंतर समाधानच वाटलं.

कांद्याची जादू

१९४६ मध्ये मेयर कुटुंब शिकागोला आलं. विद्यापीठात मारियाला असोसिएट प्रोफेसर हे पद मिळालं, पुन्हा पगाराशिवाय. सुदैवाने जवळच आरगॉन नॅशनल लॅबोरेटरी सुरू झाली होती. तिचाच जुना विद्यार्थी रॉबर्ट सॅक्स तिथे होता. त्याने तिला अर्धवेळ नोकरी देऊ केली. आपल्याला अणुकेंद्राचं फिजिक्स येत नाही, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर शिकशील की, असं उत्तर आलं.

ती शिकली आणि तिला एक विचित्र गोष्ट दिसली. अणुकेंद्रात प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ एवढे असले की ते केंद्र फारच टिकाऊ होतं. कथिल घ्या. त्यात ५० प्रोटॉन आणि त्याचे १० स्थिर प्रकार, इतर कोणत्याही मूलद्रव्यापेक्षा जास्त. या आकड्यांना लोक जादुई आकडे म्हणू लागले, थोडं थट्टेनेच. कारण ते का येतात हे कोणालाच कळत नव्हतं.

मारिया या कोड्यावर अडली होती. एक दिवस फर्मी तिच्या ऑफिसमध्ये चर्चा करत बसले होते. बाहेरून त्यांना फोन आला म्हणून ते उठले आणि जाता जाता त्यांनी विचारलं की कण स्वतःभोवती फिरतात आणि केंद्रातही फिरतात, या दोन फिरण्यांचा काही संबंध असल्याची खूण दिसते का. तेवढं पुरे झालं. फर्मी परत येईपर्यंत तिच्या डोक्यात सगळं कोडं सुटलं होतं. ती एवढ्या वेगात सांगायला लागली की फर्मींनी तिला उद्या शांतपणे समजावून सांग म्हणून सांगितलं.

आपल्या मुलीला तिने हे वॉल्ट्झ नाचाच्या उदाहरणाने समजावलं. आपण गरबा घेऊ. रिंगणात गोल फिरणारी माणसं स्वतःभोवती गिरक्याही घेतात. काहींची गिरकी रिंगणाच्या दिशेने, काहींची उलट्या दिशेने. एका प्रकाराला ताकद कमी लागते, दुसऱ्याला जास्त. केंद्रातल्या कणांच्या ऊर्जेत असाच फरक पडतो आणि थर नेमके जादुई आकड्यांवर भरतात. केंद्राला असे कांद्यासारखे थर मानल्यामुळे वोल्फगांग पाउली तिला कांद्याची मॅडोना म्हणून चिडवायचे.

नेमका हाच शोध त्याच वेळी जर्मनीत हान्स येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही लावला. दुसरं कोणी असतं तर आधी कोण यावर भांडण पेटलं असतं. मारियाने उलट आपला निबंध त्यांच्यासोबत छापला जावा म्हणून थांबायची तयारी दाखवली. पुढे तिची आणि येन्सनची दोस्ती झाली आणि १९५५ मध्ये दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं.

पूर्ण पगाराची, पूर्ण वेळेची प्रोफेसरकी तिला सॅन दिएगोला कॅलिफोर्निया विद्यापीठात मिळाली. साल होतं १९६०, वय ५४ च्या घरात. तिथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसात तिला पक्षाघाताचा झटका आला. तरी ती शिकवत राहिली.

३० वर्षांनी प्रकाश पडला

त्याच १९६० मध्ये पहिला लेझर तयार झाला. आणि १९३१ पासून पडून असलेल्या त्या गणिताला अखेर यंत्र मिळालं.

१९६१ मध्ये बेल लॅबमध्ये कैसर आणि गॅरेट यांनी युरोपियम मिसळलेल्या स्फटिकावर लाल लेझर सोडला आणि स्फटिकातून निळा प्रकाश बाहेर आला. कमी ऊर्जा आत, जास्त ऊर्जा बाहेर. दोन लाल फोटॉन एकदम गिळल्याशिवाय हे शक्यच नव्हतं.

त्याच वर्षी मिशिगनमध्ये पीटर फ्रँकन यांच्या टीमने क्वार्ट्झमधून लेझर सोडून दुप्पट ऊर्जेचा प्रकाश मिळवला. त्याचा पुरावा म्हणजे फोटोवरचा एक बारीक ठिपका. छापणाऱ्यांना तो डाग वाटला आणि त्यांनी तो पुसून टाकला. निबंधात बाण आहे, बाणापुढे काहीच नाही.

१९६३ मध्ये मारियाला फिजिक्सचं नोबेल मिळालं. अर्धं युजीन विग्नर यांना आणि उरलेलं अर्धं मारिया आणि येन्सन यांना, अणुकेंद्राच्या थरांसाठी. १९०३ मध्ये मेरी क्युरी आणि त्यानंतर थेट ६० वर्षांनी ही. सॅन दिएगोच्या पेपरने बातमी केली ती गावातल्या एका आईला नोबेल मिळालं अशी. प्रोफेसर हा शब्द मथळ्यात नव्हता. फिजिक्समध्ये तिसरी बाई यायला २०१८ उजाडलं. त्या डोना स्ट्रिकलंड. त्यांचं काम लेझरचे अतिशय छोटे आणि ताकदवान ठोके बनवायचं.

२० फेब्रुवारी १९७२ ला मारिया गेली.

उंदराच्या कातडीखाली

तिच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी, १९९० मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब या तिघांनी तिच्या गणिताचा मायक्रोस्कोप केला. लेझर सतत चालू ठेवण्याऐवजी त्याचे ठोके द्यायचे, एकेक ठोका साधारण १०० फेमटोसेकंदांचा. फोटॉन एवढे दाटीवाटीने येतात की दोन एकदम धडकायची शक्यता खूप वाढते, आणि तीही फक्त जिथे लेझर एका बिंदूवर गोळा होतो तिथेच. वर-खाली कुठेच काही चमकत नाही. वर इन्फ्रारेड प्रकाश मांसातून जास्त खोल जातो आणि पेशींना कमी त्रास देतो. मेंदू न कापता त्याच्या आत शेकडो मायक्रॉन खोल बघता येऊ लागलं.

फक्त एवढ्याने भागत नाही. आत चमकायला काहीतरी लागतं. साधे चमकणारे रंग दोन फोटॉन गिळण्यात आळशी असतात आणि थोड्या वेळाने विझतात. एखादा पदार्थ यात किती पटाईत आहे हे मोजायच्या एककाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं गोपर्ट मेयर. व्हॉट्सॲपवर जीएम म्हणजे गुड मॉर्निंग, पण या लॅबमध्ये जीएम म्हणजे मारिया. नेहमीच्या रंगांचा आकडा काही दहा ते काहीशे जीएम एवढाच असतो.

इथे नॅनोपार्टिकल आले. कॅडमियमचं संयुग तेलकट द्रवात ३०० अंशांच्या आसपास तापवायचं आणि त्यात सेलेनियमचं द्रावण सिरिंजने एका झटक्यात मारायचं. कण एकदम जन्मतात आणि मग हळूहळू वाढतात. किती वेळ शिजवायचं यावर आकार ठरतो, आकारावर रंग. काही नॅनोमीटरचा खेळ. वर झिंक सल्फाइडचा थर चढवायचा, म्हणजे चमक टिकते. पण तेलात बनलेला कण रक्तात मिसळत नाही. म्हणून त्याला अशा पॉलिमरमध्ये गुंडाळायचं ज्याची एक बाजू तेलाला धरते आणि दुसरी पाण्याला, साबणासारखं. हे झाले क्वांटम डॉट, ज्यांच्या शोधासाठी २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल दिलं गेलं. २००३ मध्ये वेब यांच्याच टीमने मोजलं तेव्हा यांचा आकडा निघाला ४७,००० जीएम पर्यंत. जिवंत उंदराच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या त्यांनी यानेच बघितल्या.

आता कॅडमियम विषारी, आणि एकटा क्वांटम डॉट बघत बसलं तर तो लुकलुकतो. म्हणून दुसरे मार्ग शोधले गेले. बेरियम टायटॅनेट, जे इलेक्ट्रॉनिक्सच्या कपॅसिटरमध्ये असतं, त्याचे नॅनोकण फ्रँकन यांच्या पुसलेल्या ठिपक्याचंच काम करतात. दोन फोटॉन आत, दुप्पट ऊर्जेचा एक बाहेर. प्रकाश गिळतच नसल्याने ते विझत नाहीत आणि लुकलुकतही नाहीत. २०१० मध्ये पँटाझिस आणि सहकाऱ्यांनी झेब्राफिशच्या वाढत्या गर्भात हे कण सोडून दाखवले.

तिसरा मार्ग दुर्मिळ मृदा धातूंचा. यिटरबियम आणि अर्बियम मिसळलेले कण इन्फ्रारेड घेतात आणि हिरवा किंवा लाल प्रकाश देतात. दहीहंडीच्या भाषेत, इथे खालच्या गड्याला उभं राहायला खरोखरची गॅलरी आहे, त्यामुळे दुसरा थोडा उशिरा आला तरी चालतं. फेमटोसेकंदवाला महागडा लेझर लागत नाही, साधा स्वस्त लेझर पुरतो. या धातूंना ही गॅलरी मिळते ती त्यांच्या आतल्या एका खास इलेक्ट्रॉन कक्षेमुळे. फर्मींनी दिलेलं काम करताना मारियाने कोलंबियाच्या त्या बिनपगारी खोलीत ज्या कक्षांचा हिशोब मांडला होता, त्यात ही पण होती.